घरी केलेली पहिली बिअर बाटल्यांत भरायला किती वेळ लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओहायोतल्या घरी पेल एलच्या (फिकट, हॉप्सच्या चवीच्या बिअरच्या) किटमधून पाच गॅलनची पहिली बॅच लावली आहे. ती दोन आठवडे प्लॅस्टिकच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या बंद बादलीत आहे. मित्रांकडून जमवलेल्या रिकाम्या बाटल्या गराजमध्ये पडून आहेत. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला भरायला बसलात, तर सहाला पाहुणे जेवायला येण्याआधी काम आटपेल का? व्हिडिओत तर सगळं तासाभरात होताना दिसतं. शिवाय ही बिअर थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाला पिता येईल का, आणि पुण्यातल्या भावाला असंच किट पाठवलं तर चालेल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

तीनला सुरू करून सहाला मोकळं होणं पहिल्या बॅचला जमणार नाही. बाटल्या आज आहेत तशाच असतील तर सहा तास धरा. त्या आठवडाभरात धुऊन, निथळून तयार ठेवल्यात तर साडेतीन ते चार तास. पुढे हात बसला की हेच काम अडीच तासांवर येतं, आणि एकट्या माणसाचं ते साधारण तिथेच थांबतं. व्हिडिओत दिसतो तो फक्त भरण्याचा भाग, आणि तेवढा भाग खरोखरच तासाभराचा आहे. त्याआधी कोणीतरी पन्नास बाटल्या धुतल्या आणि नंतर कोणीतरी नळ्या, बादल्या, फरशी साफ केली, हे कॅमेऱ्यात येत नाही.

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं घरी बिअर करते आणि नवीन लोकांना त्यांच्या पहिल्या बाटल्या भरायला मदत करते. सगळ्यांची तारांबळ एकाच कारणाने होते: हे काम सलग चार तासांचं आहे असं ते धरून चालतात. ते सलग नाही. बाटल्या धुणं चार रात्रींत विभागता येतं. उपकरणं निर्जंतुक करताना मध्येच उठावं लागलं तर फार तर तेवढं पुन्हा करावं लागतं. शेवटची आवराआवरही तासभर थांबू शकते. पण बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून भरायच्या बादलीत थोडी साखर घालतात, आणि त्या बादलीत बिअर उतरायला लागली, की शेवटच्या बाटलीवर झाकण बसेपर्यंत उठायचं नाही. साखर मिळताच यीस्ट पुन्हा कामाला लागतं, आणि गाळावरून काढलेली बिअर उघड्या बादलीत जितका वेळ राहील तितकी हवा खाते. हा न थांबवता येणारा भाग पहिल्या वेळी दीड ते पावणेदोन तासांचा असतो.

तुमच्या शनिवारचा हिशेब या पावणेदोन तासांभोवती मांडा. सहाला पाहुणे आहेत, तर दुपारी एकला सुरुवात करा आणि अडीचच्या सुमाराला सायफन, म्हणजे फर्मेंटरमधून बिअर बादलीत उतरवणारी नळी लावा. काही कारणाने चार वाजून गेले आणि सायफन अजून लागला नसेल, तर त्या दिवशी लावूच नका. फर्मेंटर बंद आहे तसा राहू द्या आणि रविवारी सकाळी काम करा. तयार झालेली बिअर आणखी आठवडाभर फर्मेंटरमध्ये राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.

शनिवार पक्का करण्याआधी हायड्रोमीटर, म्हणजे बिअरची घनता मोजणारी काचेची तरंगती नळी, बाहेर काढा. दोन आठवडे झाले म्हणून बिअर तयार झाली असं होत नाही. एअरलॉकमधले (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतले) बुडबुडे थांबले यालाही फारसा अर्थ नाही. प्लॅस्टिकच्या बादलीचं झाकण जरा सैल असलं तर गॅस बाजूने निघून जातो आणि आत काम चालू असतानाही एअरलॉक गप्प बसतो. भरवसा ठेवायचा तो आकड्यावर. बुधवारी नमुना काढून ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपत जाते तशी ती उतरते) वाचा, शनिवारी सकाळी पुन्हा वाचा. आकडा तोच असेल, आणि किटच्या कागदावर दिलेल्या शेवटच्या आकड्याच्या आसपास असेल, तर भरा. १.०५० ला सुरू झालेली पेल एल साधारण १.०१० ते १.०१४ च्या दरम्यान थांबते. बुधवारी १.०१८ आणि शनिवारी १.०१४ दिसलं तर पाहुण्यांना निवांत जेवायला घाला आणि बाटल्या पुढच्या शनिवारी भरा. नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका, चाखून बघा. फेस नसेल, कोमट लागेल, पण चव चांगली असायला हवी.

इतकं बजावून सांगण्याचं कारण असं. बाटलीतला गॅस आपण मोजून तयार करतो. पेल एलला साधारण २.४ व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड लागतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये जवळजवळ अडीच लिटर वायू विरघळलेला. यीस्टने आधीची साखर संपवलेली नसताना तुम्ही झाकण लावलंत, तर ग्रॅव्हिटीच्या उरलेल्या प्रत्येक पॉइंटमागे (०.००१ म्हणजे एक पॉइंट) बाटलीत सुमारे अर्ध्या व्हॉल्यूमची भर पडते. चार पॉइंट बाकी असले तर ठरवलेल्या गॅसच्या वर आणखी दोन व्हॉल्यूम. साध्या बिअरच्या बाटल्या एवढ्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. त्या फुटतात आणि काच खोलीभर उडते. वेळ वाचवायच्या बाकी सगळ्या युक्त्या करा, पण या तपासणीतले तीन दिवस वाचवू नका.

आता बाटल्या. काम लांबतं ते यांच्यामुळे.

पाच गॅलन म्हणजे एकोणीस लिटर. तळाचा गाळ आणि नमुने वजा जाता साधारण अठरा लिटर बिअर हाती येते. १२ औंसांच्या, म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या बाटल्या घेतल्या तर ४८ ते ५० भरतात. चोपन्न तयार ठेवा, कारण एखादीच्या तोंडाला बारीक टवका उडालेला असतो आणि तो नेमका झाकण लावताना दिसतो. गराजमधल्या ढिगातून आधी फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या बाजूला काढा. ज्यांच्या तोंडावर आटे आहेत त्यांच्यावर साधं बिल्ल्याचं झाकण नीट घट्ट बसत नाही. मग हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्या काढा. हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक प्रकाशात मोडतात आणि त्यांतून स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधी फवाऱ्यासारखा वास देणारं गंधकाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते. हिरवी काच फारशी अडवत नाही. बाटल्या कमी पडत असतील तर हिरव्या वापरा, पण मग त्या बंद खोक्यात ठेवा.

लेबलं नखांनी खरवडत बसू नका. मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात गरम पाणी घ्या, त्यात बिनवासाचा ऑक्सिजन क्लीनर घाला. दुकानात ऑक्सिक्लीन फ्री मिळतं, किंवा घरी बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या होमब्रूच्या दुकानातलं पीबीडब्ल्यू नावाचं क्लीनर. बाटल्या त्यात पूर्ण बुडतील, आतही पाणी भरेल अशा रात्रभर ठेवा. सकाळी कागदाची लेबलं पाण्यावर तरंगत असतात आणि आतला वाळलेला थरही सुटलेला असतो. प्लॅस्टिकच्या चिकट लेबलांवर मात्र याचा काही परिणाम होत नाही. त्या बाटल्या सरळ रिसायकलिंगमध्ये टाका किंवा लेबलासकट वापरा. लेबल दिसायला वाईट, बिअरला त्याचं काही नाही.

आतली बाजू मात्र बिअरला नक्कीच लागते. धुतलेली प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून तळाकडून तोंडाकडे बघा. तळाच्या कडेला तपकिरी वर्तुळ दिसतंय का, खांद्याच्या आत काळा ठिपका आहे का? दिसलं तर बाटल्यांच्या ब्रशने घासा आणि पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही दिसलं तर ती बाटली सोडून द्या. निर्जंतुक करणारं द्रव स्वच्छ काचेवर काम करतं, वाळलेल्या बुरशीच्या थराखाली ते पोचत नाही. एकेका हट्टी बाटलीवर पाच-पाच मिनिटं घालवणारे लोक मी पाहिले आहेत. शेजारच्या रिसायकलिंगच्या डब्यात तशीच चांगली बाटली पडलेली असते.

ढीगभर बाटल्यांची लेबलं काढणं, धुणं, विसळणं, बघणं यात दोन ते अडीच तास जातात. हे शनिवारी करायचं नाही. सोमवारी रात्री वीस भिजवा, मंगळवारी त्या विसळून पुढच्या वीस भिजवा, असं गुरुवारपर्यंत संपतं आणि रोजचा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास राहतो. निथळल्या की तोंडं खाली करून खोक्यात ठेवा, वर स्वच्छ कापड टाका.

वेळ खरंच कमी करायचा असेल तर बाटल्या मोठ्या घ्या. २२ औंसांच्या, म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटल्यांत हीच बिअर सत्तावीस-अठ्ठावीस बाटल्यांत मावते. धुणं, भरणं, झाकणं, सगळं जवळजवळ निम्म्यावर येतं. मी स्वतः बहुतेक बॅच मोठ्या बाटल्यांत भरते आणि आठ-दहा लहान ठेवते, कोणाला चवीला द्यायला. पहिल्या बॅचला हे नक्की करा. दुकानातून नव्या बाटल्यांची दोन खोकी विकत घेतलीत तर लेबलांचं कामही उरत नाही, आणि त्या पुढे वर्षानुवर्षं वापरता येतात.

शनिवारी एक वाजता पहिलं काम निर्जंतुक करण्याचं. स्टार सॅन हे निर्जंतुक करणारं द्रव वापरत असाल तर पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे तीस मिलिलिटर. एवढं द्रावण लागत नाही, अर्धं पुरतं. त्यात सायफन, नळ्या, भरायची बादली, तिची तोटी, लांब चमचा, झाकणं, सगळं बुडवा. एक-दोन मिनिटं ओलं राहिलं की पुरे. नंतर पाण्याने धुवायचं नाही. बाटलीत फेस उरलेला दिसेल, तो तसाच राहू द्या. सांगितलेल्या प्रमाणात केलेल्या द्रावणाचा फेस बिअरला काही करत नाही, आणि फेस घालवण्यासाठी नळाचं पाणी फिरवलं तर केलेलं काम वाया जातं. एक सूचना घरासाठी: हे द्रावण आम्ल आहे. तुमच्याकडे मार्बलचा ओटा असेल तर त्यावर जाड टॉवेल पसरा, नाहीतर पांढरे डाग कायमचे राहतात.

तोटी उघडून साफ करा. भरायच्या बादलीची प्लॅस्टिकची तोटी बहुतेकदा दोन तुकड्यांची असते आणि तिच्या फटीत जुनी बिअर वाळून बसते. नवीन बादली असेल तर यंदा काही नाही, पण सवय आजच लागू दे.

पन्नास बाटल्या एकेक करून बादलीत बुडवून काढायला पाऊण तास लागतो. बाटली तोंडाने दाबली की आत फवारा उडवणारं एक छोटं यंत्र मिळतं, व्हिनेटर म्हणतात. त्याने हेच काम पंधरा मिनिटांत होतं. सगळ्या उपकरणांत वेळ वाचवण्याच्या दृष्टीने मी पहिला क्रमांक त्याला देईन. डिशवॉशरमध्ये सॅनिटाइझचा गरम टप्पा असेल तर तोही चालतो, मात्र साबण आणि चकाकीचं द्रव न घालता, आणि बाटल्या आधीच आतून स्वच्छ असतील तरच. डिशवॉशरचं पाणी त्या अरुंद गळ्यातून वर फारसं जात नाही. तिथे काम करते ती उष्णता.

बाटल्या निथळत असताना साखर करा. पाच गॅलनला, २.४ व्हॉल्यूमसाठी, घरातली साधी साखर ११० ग्रॅमच्या आसपास लागते. किटमधली कॉर्न शुगर (मक्याची साखर) असेल तर १२० ते १२५ ग्रॅम. हा हिशेब बिअर वीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली असेल त्यासाठी आहे. किटच्या पुडीत बहुतेकदा पाच औंस, म्हणजे १४० ग्रॅम असते. ती सगळी घातली तरी बाटल्या फुटणार नाहीत, फक्त बिअर जास्त फसफसेल. कपाने मोजू नका, वजन करा. कपात साखर सैल पडते का दाबून, यावर वजन बरंच बदलतं. दोन कप पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा. बस.

इथे बरेच जण साखरपाणी पूर्ण थंड व्हायची वाट बघत अर्धा-पाऊण तास बसतात. त्याची गरज नाही. अर्धा लिटर गरम पाणी वीस अंशांच्या अठरा लिटर बिअरमध्ये मिसळलं तर सगळी बिअर दोन अंशांनी तापते. यीस्टला ते जाणवतही नाही. गॅस बंद करून झाकण ठेवा, पाच-सात मिनिटांनी बादलीत ओता.

क्रम महत्त्वाचा: आधी साखरपाणी बादलीत, मग वरून बिअर. सायफनच्या नळीचं टोक बादलीच्या तळाशी भिंतीला लावून गोल वळवून ठेवा, म्हणजे येणारी बिअर स्वतःच हळू फिरत राहते आणि साखर मिसळत जाते. अर्धी बादली भरल्यावर निर्जंतुक केलेल्या चमच्याने एकदा, शेवटी एकदा, तळापासून हलकेच ढवळा. फेस येईल असं नाही, फक्त फिरवायचं. हे नीट झालं नाही तर पहिल्या वीस बाटल्या सपक आणि शेवटच्या दहा उघडताच छताला लागणाऱ्या, अशी बॅच निघते. फर्मेंटर सकाळीच उचलून ओट्यावर ठेवलेला असू द्या. ऐन वेळी उचललात तर बसलेला गाळ पुन्हा वर येतो. सायफनचं तोंड गाळाच्या वर ठेवा आणि शेवटचा अर्धा-पाऊण लिटर सोडून द्या. त्या लोभापायी सगळी बॅच गढूळ होते. या उतरवण्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

भरण्यासाठी माझी आवडती जागा म्हणजे डिशवॉशरचं उघडं दार. बिअरची बादली वर ओट्यावर, तोटी कडेच्या जरा बाहेर, आणि बाटल्या खाली दारावर ओळीने. सांडलेला प्रत्येक थेंब दारावर पडतो आणि शेवटी दार बंद केलं की फरशी कोरडी. डिशवॉशर नसेल तर मोठा ट्रे घ्या.

बॉटलिंग वाँड म्हणतात त्या नळीच्या टोकाला स्प्रिंगची झडप असते. किटमध्ये तिच्यासोबत लांब नळी येते. त्या नळीचा दोन इंचांचा तुकडा कापून वाँड थेट तोटीलाच खाली लटकवा. मग एका हाताने बाटली वर उचलून वाँडवर दाबायची, बिअर तळातून शांतपणे चढते, अजिबात शिंपडत नाही. अगदी तोंडापर्यंत, काठोकाठ येऊ द्या आणि मग बाटली खाली घ्या. वाँडने व्यापलेली जागा मोकळी होते आणि पातळी आपोआप इंचभर खाली येऊन थांबते. तेवढीच मोकळी जागा हवी. डोळ्यांनी अंदाज करत अलीकडे थांबलात तर दोन इंच हवा राहते आणि महिन्याभरात बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येऊ लागते. पहिल्या पाच-सहा बाटल्या हळू जातील. मग हाताला लय सापडते आणि एका बाटलीला पंधरा-वीस सेकंद पुरतात. उचलणं, ठेवणं, मध्ये पाठ सरळ करणं धरून पन्नास बाटल्यांना पाऊण तास ते तास.

भरलेल्या बाटलीवर झाकण लगेच नुसतं ठेवून द्या. दाबायचं काम दहा-बारा बाटल्या झाल्या की एकदम करा. किटमधला दोन दांड्यांचा लाल कॅपर, म्हणजे झाकण दाबायचं यंत्र, काम करतो, पण त्याला दोन्ही हात लागतात, बाटली घसरते, आणि गळ्याची कड बारीक असली तर तो गळाच चिमटून फोडतो. पायात बूट घाला, चप्पल नको. पुढेही बाटल्याच भरणार असाल तर टेबलावर उभा राहणारा, एका दांड्याचा कॅपर घ्या. माझं मत या बाबतीत ठाम आहे: महागड्या पातेल्याआधी हा घ्यावा. प्रत्येक खेपेला दहा मिनिटं वाचतात आणि झाकण सरळ बसतं. शंका असेल ती बाटली क्षणभर उलटी धरा. थेंब आला तर झाकण काढून नवीन लावा.

शेवटची एक बाटली काचेची नको, सोड्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची घ्या. धुऊन, निर्जंतुक करून, भरून, हवा दाबून काढून तिचं फिरकीचं झाकण लावा. पुढच्या आठवड्यांत आत काय चाललं आहे हे ती तुम्हाला न उघडता सांगेल. आज ती बोटांनी दबते. न उघडलेल्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक झाली की गॅस तयार झाला.

घरात दुसरं माणूस असेल तर त्याला याच दीड तासासाठी बोलवा. एक भरतो, दुसरा झाकणं दाबतो आणि बाटल्या खोक्यात लावतो. पावणेदोन तासांचा तो भाग तासाच्या आसपास येतो, आणि न थांबवता येणारा भाग तोच असल्यामुळे मदत तिथेच सगळ्यात कामाला येते.

झाकणं लागली की बसावंसं वाटेल. फर्मेंटरमधला गाळ मात्र ओला असतानाच काढा. पाणी आणि ऑक्सिजन क्लीनर घालून तो भरून ठेवला तरी चालेल, पाहुणे गेल्यावर धुता येतो. वाळू दिला तर घासावा लागतो, आणि प्लॅस्टिकवर खरखरीत घासणीचे ओरखडे पडले की त्यांत जंतू घर करतात. सायफन आणि वाँडमधून गरम पाणी फिरवून लटकवून ठेवा. या आवराआवरीला अर्धा ते पाऊण तास.

भावाच्या किटबद्दल: पाठवू नका. अमेरिकेत घरी बिअर करायला संघीय कायद्याने मोकळीक आहे ती जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या आणि फेब्रुवारी १९७९ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००, आणि विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपीने तर २०१३ मध्ये परवानगी दिली. महाराष्ट्रात तशी मोकळीक नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि घरच्यापुरती केली म्हणून तो गुन्हा टळत नाही. भाऊ इथे आला की त्याला झाकणं दाबायला बसवा.

थँक्सगिव्हिंगला बिअर पिता येईल, बाटल्या उबेत ठेवल्यात तर. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपासून तुमच्या हातात साधारण तीन आठवडे आहेत. एकवीस-बावीस अंश सेल्सिअसला या ताकदीच्या बिअरला दोन आठवडे लागतात, तिसऱ्यात फेस बारीक आणि टिकाऊ होतो. पण ओहायोतल्या नोव्हेंबरमध्ये गराज किंवा थंड बेसमेंटमध्ये खोकी ठेवलीत तर यीस्ट झोपी जातं आणि महिन्यानेही बाटली सपक निघते. घरातल्या आतल्या कपाटात, अंधारात ठेवा. खोकी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत असतील तर एखादी फुटलीच तर काच आणि बिअर पेटीतच राहील. आठव्या दिवशी बाटली उघडायचा मोह होईल. त्याऐवजी ती प्लॅस्टिकची बाटली दाबून बघा.

गुरुवारच्या जेवणासाठी मंगळवारीच बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा. गॅस तयार झाला तरी तो थंडीत दोन दिवस राहिला की बिअरमध्ये नीट विरघळतो, आणि तळाचा यीस्टचा थर घट्ट बसतो. ओतताना बाटली एकदाच वाकवा आणि शेवटचा घोटभर भाग तळातच राहू द्या. तो थर पोटाला अपायकारक नाही, पण ग्लास गढूळ करतो.

आणि बाटली रिकामी झाली की टेबलावर ठेवायच्या आधी सिंकशी नेऊन गरम पाण्याने तीनदा जोरात विसळा, उलटी करून ठेवा. पाहुण्यांनाही सांगा, ते आनंदाने करतात. ओला थर दहा सेकंदांत निघतो. असं केलेल्या बाटल्यांना पुढच्या बॅचच्या वेळी ना भिजवणं लागत ना ब्रश, नुसता व्हिनेटरचा फवारा पुरतो.